नऊ डोकी, एक शहाळं आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट

कॉम्प्युटरवाल्यांचा लेख दिसला की बाकीच्या ब्रँचेस पान उलटतात, हा मासिकाचा दरवर्षीचा अनुभव आहे. म्हणून आधीच सांगतो, या लेखात कोड नाही. एक समुद्रकिनारा आहे, माझा मामा आहे आणि एक साधा प्रश्न आहे. आत्ता दिसलेलं डोकं आणि मघाशी दिसलेलं डोकं एकाच माणसाचं का? या एका प्रश्नात आमचं अख्खं फायनल इयर गेलं.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की आधी आक्षी, मग नागाव. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि समुद्राकडे वळलं की सुरूचं बन. तिथे सावलीत मामाची शहाळ्यांची गाडी असते. मामा जीवरक्षक नाही. पण आयुष्य त्या पाण्यासमोर गेलंय, आणि शहाळं सोलताना त्याचं लक्ष कोयत्यापेक्षा पाण्याकडे जास्त असतं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे ग्रुप येतात, त्यात हॉस्टेलची पोरं भरपूर. पोहता येणारे थोडे, पाण्यात शिरणारे सगळे! याच जिल्ह्यात मुरूडला १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी एका दुपारी बुडाले. वर्गाबरोबर आलेली आपल्याच वयाची मुलं होती ती. प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं. गाईड सरांना म्हटलं, किनाऱ्यावर कॅमेरा लावू, पाण्यात गेलेल्या प्रत्येकाला नंबर देऊ, बाहेर येईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवू. सर म्हणाले, "सोपं वाटतंय ना? करून बघा."

सोपं वाटण्याचं कारण आपले डोळे. म्हणजे बघा, व्हिडिओत हालचाल अशी काही नसतेच. सेकंदाला पंचवीस-तीस स्थिर फोटो, एकामागोमाग एक. एका फोटोत १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तरी साडेपंधरा कोटी आकडे दर सेकंदाला आत येतात, आणि त्यातल्या एकाही आकड्यावर 'माणूस' असं लिहिलेलं नसतं.

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे या फोटोतून आधीचा फोटो वजा करायचा. जे हललं ते उरेल. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही हे लावून पाहिलं, रात्री मेसमधून येणारा प्रत्येक प्राणी झकास पकडला गेला. भिंत स्थिर, माणूस हलता. मग तोच प्रोग्रॅम घेऊन नागावला गेलो आणि स्क्रीन पांढरीफटक झाली! कारण तिथे काय हलत नाही ते सांगा. लाटा हलतात, फेस हलतो, सुरूच्या फांद्या, घोडागाड्या, बनाना बोट, कावळे, कुत्री. ओली वाळू ढग सरकला की रंग बदलते. माणूस हीच सगळ्यात कमी हलणारी वस्तू.

यावर उपाय पूर्वीच निघालेला आहे. एम.आय.टी.च्या स्टॉफर आणि ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये असं सुचवलं की प्रत्येक ठिपक्याची एकच 'नेहमीची' किंमत धरू नका, तीन-चार नेहमीच्या किमती धरा. पिंपळाचं पान हलतं तेव्हा त्या जागी कधी पान दिसतं, कधी आकाश. दोन्ही नेहमीचंच. या दोन्हीत न बसणारं काही आलं तरच दखल घ्या. पानांसाठी उत्तम. लाटांसाठी निम्मंअर्धं. कारण समुद्राची 'नेहमीची' किंमतच तासातासाला सरकते. ओहोटीला जिथे मुलं क्रिकेट खेळत होती तिथे भरतीला गळ्याएवढं पाणी. पाण्याची रेघ कुठे धरायची हे प्रोग्रॅमला कळेना. शेवटी मामाला विचारलं. तो म्हणाला, "तिथीची पाऊणपट कर." चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा. कोकण किनाऱ्यावरचा हा जुना ठोकताळा, मिनिटाला मिनिट बरोबर येत नाही, पण आमच्या कामाला पुरेसा होता. प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ झाली. बाकी शंभर ओळींनी जे जमलं नव्हतं ते त्या एका ओळीने जमवलं, हे गाईड सरांना सांगायला जरा जड गेलं.

(थोडं विषयांतर. बारीक बदल मोजायचा तर पार्श्वभूमी शांत लागते, याचं झकास उदाहरण खुद्द अलिबागेत आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. तिच्या बांधकामात लोखंड वापरलं नाही. त्या लोकांना निदान शांत जागेत पळून जाण्याची सोय होती. आम्हाला बुडणारी माणसं शोधायची होती, ती समुद्रातच असतात. असो.)

दुसरी अडचण शाळेतल्या त्रिकोणमितीची. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्याला आडवा साधारण ६५ ते ७० अंशांचा पट्टा दिसतो. ऐंशी मीटरवर तो पट्टा शंभर-एकशेपाच मीटर रुंद होतो. १९२० ठिपके त्यावर पसरले की एका मीटरला अठरा ठिपके येतात. पाण्याबाहेर असतं फक्त डोकं, फार तर वीस सेंटिमीटर. म्हणजे साडेतीन ठिपके! आमचा सगळा प्रोजेक्ट साडेतीन ठिपक्यांवर उभा होता. चौपट झूम केलं तर चौदा ठिपके मिळतात, पण मग किनाऱ्याचा सव्वीस मीटरचाच तुकडा दिसतो. मोठा किनारा आणि मोठं डोकं, दोन्ही एका कॅमेऱ्यात मिळत नाही. म्हणून दोन जुने फोन वापरले, एक रुंद आणि एक झूम केलेला, दोन्ही गाडीच्या छपराशेजारी बांबूला बांधून.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली ए.आय. आहे की, तो ओळखेल माणूस. ओळखतो. २०१५-१६ मध्ये 'योलो' नावाची पद्धत आली. ती अख्खा फोटो एकाच नजरेत पाहते आणि कुठे काय आहे त्याच्या चौकटी काढते. साध्या लॅपटॉपवरही चालते. पण ती ज्या फोटोंवर शिकते त्यांचा नेहमीचा संच 'कोको', आणि त्यात वस्तूंचे प्रकार ८०. माणूस आहे, होडी आहे, घोडा, छत्री, पतंगसुद्धा आहे. नारळ नाही, आणि घोडागाडीही नाही. पूर्ण माणूस पाहून शिकलेल्या त्या बिचाऱ्याला नुसतं ओलं डोकं म्हणजे माणूस वाटेना. आम्ही स्वतः डोक्यांवर चौकटी काढून त्याला पुन्हा शिकवलं (दिवाळीची सुट्टी त्यात गेली). मग तो डोकी पकडायला लागला, आणि त्याच उत्साहात कुणीतरी पाण्यात फेकलेलं शहाळंही. आमच्या नोंदीत एक 'माणूस' दीड तास न थकता तरंगत होता, त्याचं रहस्य हे.

इथपर्यंत झालं ते ओळखणं. माग ठेवणं वेगळं, आणि खरी गंमत तिथेच आहे. या फ्रेममध्ये नऊ डोकी, पुढच्या फ्रेममध्ये नऊ डोकी. कोणतं कोणाचं? जोड्या लावायच्या ३ लाख ६२ हजार ८८० रीती. त्यातली सगळ्यात कमी अंतराची रीत हवी. 'जे जवळ ते त्याचं' असं एकेक करत गेलं तर फसतं. समजा 'अ'पासून पहिलं डोकं ३ ठिपक्यांवर आणि दुसरं ४ वर. 'ब'पासून पहिलं ४ वर आणि दुसरं १५ वर. 'अ'ला घाईने जवळचं दिलं की बेरीज १८ होते. 'अ'ने जरा समजूतदारपणा दाखवून दुसरं घेतलं तर ८. मेकॅनिकल-प्रॉडक्शनच्या मित्रांना हे ऐकल्यासारखं वाटत असेल. बरोबर, ओ.आर.मधला असाइनमेंट प्रॉब्लेम! हॅरल्ड कुन यांनी १९५५ मध्ये त्याची रीत मांडली आणि ती दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर उभी आहे म्हणून तिला 'हंगेरियन' नाव दिलं. परीक्षेत दहा मार्कांना येणारं गणित आमच्याकडे सेकंदाला पंचवीस वेळा सोडवलं जात होतं.

पण डोकं दिसलंच नाही तर? लाट आड येते. दोन-तीन सेकंद काहीच नाही. इथे अंदाज लागतो. नागावच्या रस्त्यावर लांबून एस.टी. येताना दिसते, मग वाडीच्या झाडांमागे जाते. आपण तिच्याकडे बघणं सोडत नाही, वेगाचा हिशेब करून झाडांच्या पुढच्या फटीकडे नजर ठेवतो. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये हेच गणितात बसवलं, आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनीही ते वापरलं. आधी अंदाज करा, मग पाहा, मग दोन्हींची सांगड घाला. अंदाज म्हणतो डोकं ४०० व्या ठिपक्यावर असेल, डोळा म्हणतो ४०८ वर आहे. डोळ्यावर विश्वास पाव असेल तर ४०२ धरा, पाऊण असेल तर ४०६. हा विश्वास किती ठेवायचा तेही गणितच ठरवतं. आणि डोळ्याला काहीच दिसलं नाही तर नुसत्या अंदाजावर पुढे चालत राहायचं, मात्र दर फ्रेमला अनिश्चिततेचं वर्तुळ मोठं करत. एका सेकंदाने ते वर्तुळ डोक्याएवढं असतं, दहा सेकंदांनी त्यात आणखी तिघांची डोकी मावतात.

न पाहिलेल्या गोष्टीचा अंदाज मान्य करणं आपल्याला नवीन नाही. ३० मार्च २०११, मोहालीची वर्ल्ड कप सेमीफायनल. सईद अजमलच्या चेंडूवर अंपायरने सचिनला पायचीत दिलं. सचिनने दाद मागितली, आणि स्क्रीनवरचा चेंडू लेग स्टंपच्या बाजूने निघून गेला. तो चेंडू पॅडला लागून तिथेच थांबला होता, पुढचा रस्ता जगात कोणीही पाहिलेला नव्हता! तरी आपण सगळे नाचलो. (बाकी भारतीय बोर्डाचा याच अंदाजावर विश्वास नव्हता, २०१६ पर्यंत आपल्या दोन देशांमधल्या मालिकांत तो बहुतेक टाळलाच गेला.) पण चेंडूचं बरं असतं. त्याच्यावर वेगवेगळ्या कोनांतून अनेक वेगवान कॅमेरे असतात, आणि तो न्यूटनचं ऐकतो. पोहणारा माणूस न्यूटनचंही ऐकत नाही आणि जीवरक्षकाच्या शिट्टीचंही.

तर आम्ही हे सगळं जोडलं. 'सॉर्ट' नावाची पद्धत आहे, २०१६ ची, अगदी आटोपशीर: ओळखणारा, काल्मन आणि हंगेरियन, बस्स. एका रविवारी सकाळी लावली. पाण्यात नऊ जणांचा एक ग्रुप होता. अर्ध्या तासाने प्रोग्रॅमच्या हिशेबी चाळीसच्या वर माणसं पाण्यात जाऊन आली होती. मामा स्क्रीन बघून म्हणाला, "एवढी गिऱ्हाइकं आली असती तर मी इथे बसलो असतो का?"

कारण शोधायला दोन रात्री गेल्या, आणि ते एका आकड्यात होतं. डोकं दिसेनासं झालं की त्याचा नंबर किती फ्रेम जपून ठेवायचा? 'सॉर्ट'च्या मूळ लेखात हा आकडा आहे १. एक फ्रेम! पुढे २०१७ मध्ये 'डीपसॉर्ट' आली, तिच्यात ३०. म्हणजे जेमतेम एक सेकंद. रस्त्यावरच्या माणसांसाठी हे ठीक असेल. आमच्याकडे लाट आली की नंबर ७ पुसला जायचा, आणि तोच माणूस वर आला की नंबर २३ म्हणून नव्याने जन्माला यायचा. आकडा वाढवून ७५० केला, म्हणजे तीस सेकंद. मग उलटंच झालं. हरवलेले नंबर वाट बघत फिरत राहायचे आणि जवळून जाणाऱ्या दुसऱ्याच डोक्यावर जाऊन बसायचे. डीपसॉर्ट चेहरामोहरा, कपड्यांचे रंग बघून अशी गल्लत टाळते, पण साडेतीन ठिपक्यांच्या ओल्या काळ्या डोक्याला कसला आलाय चेहरामोहरा. नंबर ७ तर एकदा शहाळ्यावर जाऊन बसला आणि सुखरूप आहे असं दाखवत राहिला.

ते बघताना माझ्या पोटात खड्डा पडला. कारण तेव्हा लक्षात आलं की आकडा १ असो, ३० असो की ७५०, या सगळ्या पद्धतींत शेवटी होतं काय? माणूस बराच वेळ दिसला नाही की त्याचं नाव यादीतून गुपचूप काढतात. मेमरी मोकळी होते. ना घंटी, ना लाल दिवा. रस्त्यावर हरवलेला नंबर म्हणजे कचरा. इथे हरवलेला नंबर हीच तर बातमी, आणि आमचा प्रोग्रॅम नेमकी तीच पुसून टाकत होता.

गुणांकनही तसंच. या विषयात 'मोटा' नावाचा एक सर्वमान्य निर्देशांक आहे. सुटलेली माणसं, चुकीच्या चौकटी आणि नंबरांची अदलाबदल, तिन्हींची बेरीज करून भागाकार. त्यात प्रत्येक चुकीचं वजन सारखं. एका फ्रेममध्ये शहाळ्याला माणूस म्हणणं आणि एका फ्रेममध्ये माणूस न दिसणं, दोन्हीला एकच दंड. माझ्या मते किनाऱ्यासाठी हा निर्देशांक निरुपयोगी आहे, आणि व्हायवाला मी तसं म्हणालो. एक्स्टर्नल सरांना ते फारसं आवडलं नसावं.

मामाला विचारलं, तू कसं लक्ष ठेवतोस? एवढी डोकी तुला वेगळी ओळखू येतात? तो म्हणाला, "डोकी कोण मोजतं? मी चपला मोजतो." पाण्यात शिरताना लोक चपला वाळूवर काढतात, ग्रुपच्या एका ठिकाणी. ग्रुप निघाला आणि चपलांचा जोड राहिला की मामा उठतो. साधी गोष्ट. पाण्यातला हिशेब तो वाळूवर ठेवतो, जिथे काही हलत नाही!

मग आम्ही नियम बदलला. दुसरा फोन पाण्याच्या रेघेवर रोखला. तिथे माणूस पूर्ण दिसतो, गुडघाभर पाण्यात, ओळखायला सोपा. आत गेला की खातं उघडायचं. खातं बंद व्हायच्या जागा दोनच: एक ती रेघ, दुसरी चित्राची डावी-उजवी कड, तीही पिवळी खूण ठेवून. पाण्याच्या मधोमध कुणाचंही खातं बंद करायचं नाही, कितीही वेळ दिसला नाही तरी. दहा सेकंद दिसला नाही तर नंबर पिवळा, वीस सेकंदांना लाल आणि भोंगा.

वीसच का? न्यू यॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचे जीवरक्षक होते. त्यांनी १९७० च्या सुमारास प्रत्यक्ष बुडणाऱ्या आणि वाचवल्या गेलेल्या माणसांची फिल्म घेतली आणि ती पुन्हा पुन्हा पाहिली. सिनेमात बुडणारा हात हलवतो, 'वाचवा' म्हणून ओरडतो. पियांच्या फिल्ममध्ये तसं काहीच नव्हतं. तोंड पाण्याच्या वर-खाली, ओरडायला श्वास नाही, हात बाजूला पाणी दाबतायत, आणि माणूस जागचा हलत नाही. हे चालतं वीस ते साठ सेकंद. शेजारच्याला वाटतं हा मजेत उभा आहे. म्हणून आम्ही आणखी एक खूण धरली. जे डोकं दिसतं-लपतं, दिसतं-लपतं आणि जागा मात्र सोडत नाही, ते पिवळं. याची चाचणी माझ्या पार्टनरने छातीभर पाण्यात, शेजारी जीवरक्षक उभा करून दिली. दर वेळी पकडला गेला. पण नाटक ते नाटक, खऱ्या प्रसंगावर ही खूण तपासलेली नाही, आणि तशी तपासायची वेळ येऊही नये.

गावातल्या एका काकांनी मध्येच विचारलं होतं, "यात कोण कुठे कुणाबरोबर फिरतं तेपण दिसतं का?" प्रश्न अगदी बरोबर. पाण्यात सात नंबर जपणारा प्रोग्रॅम रस्त्यावरही सात नंबर जपू शकतो. योलोच्या मूळ कर्त्याने, जोसेफ रेडमन यांनी, लष्करी वापर आणि पाळत याच कारणांसाठी २०२० मध्ये या विषयातलं संशोधन थांबवल्याचं जाहीर केलं. आम्ही एवढंच केलं, की वाळूकडचा भाग चित्रातून कापला, खातं बंद झालं की त्याची नोंद पुसली आणि व्हिडिओ साठवला नाही. हे पुरेसं आहे असं माझं म्हणणं नाही.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी, ओहोटी लागलेली, आणि भोंगा वाजला. नंबर १७ लाल. आम्ही दोघं गार पडलो. मामाने कोयता ठेवला, स्क्रीनकडे ढुंकूनही न पाहता वाळूकडे गेला. एका ग्रुपचे पाच जोड होते आणि भोवती चौघं. त्याने जीवरक्षकाला हाक मारली, स्वतः किनाऱ्याने आक्षीच्या दिशेला धावत सुटला. पुढची दोन-तीन मिनिटं कशी गेली ते लिहिता येणार नाही.

पाचवा सापडला. लाटांनी त्याला आडवं ओढत नेलं होतं, चित्राच्या कडेपलीकडून तो लांब बाहेर आला होता, आणि अनवाणी उभा राहून घोडागाडीवाल्याशी भाव करत होता. कड ओलांडताना लाट आड होती, म्हणून पिवळी खूण पडलीच नव्हती. मामा धापा टाकत परत आला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "बाहेर आहे तो. तुझ्या मशीनला कळलं का?"

नव्हतं कळलं. भोंगा अजून वाजतच होता. मी की-बोर्डवर १७ टाइप केलं आणि हाताने त्याचं खातं बंद केलं.